पसरणीच्या घाटात अडलेली ठिणगी

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला आमची मोटार पसरणीचा घाट अर्धा चढून उभी राहिली. एकदम उभी राहिली असे मात्र नव्हे. वाई सोडताना ती शहाण्यासारखी चालली होती. पहिली दोन वळणे गेली आणि ती अडखळू लागली, मग खोकू लागली, मागच्या नळकांड्यातून मधूनच ‘फट्’ असा आवाज करू लागली, आणि शेवटी एका वळणावर, जिथून खाली कृष्णेचे खोरे फार सुंदर दिसते, तिने मान टाकली. त्या दिवशी त्या खोऱ्याकडे कुणी पाहिले नाही.

मागच्या बैठकीवर आई होती. तिच्या मांडीवर रुमालाने झाकलेले ओवाळणीचे तबक होते. भाऊबीजेला खरे तर भावाने बहिणीकडे यायचे. पण पाचगणीचे आमचे मामा आता 86 वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे गेल्यापासून 78 वर्षांची आमची आईच दर वर्षी वर जाते. वाई ते पाचगणी हे अंतर ते काय? बारा-तेरा किलोमीटर. तास-दीड तास खटपट केली. मोटार थंड झाली की सुरू व्हायची, फर्लांगभर जायची आणि पुन्हा तेच. अखेर गाडी वळवून आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी आई एस्.टी.ने जाऊन मामांना ओवाळून आली. पण “काल ओवाळायचं ते आज ओवाळलं,” एवढेच म्हणाली आणि महिनाभर तिने मोटारीचे नाव काढले नाही.

ही मोटार म्हणजे 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. माझ्या वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून पाहून घेतलेली. वडील गेले आणि गाडी माझ्या वाट्याला आली. पुण्याचा धाकटा भाऊ व्यवहारी आहे. तो म्हणाला, “दादा, पुढच्या खेपेला नोंदणीचं नूतनीकरण करत बसू नकोस. भंगारात दे. आईला मी टॅक्सी करून देईन.” त्याचे चुकले असे मला म्हणता येईना. मग घरात असा तह झाला, की येत्या दिवाळीपर्यंत ती घाट चढली तर ठेवायची. नाही तर लोखंडाच्या भावाने द्यायची.

माझ्या शिक्षणाची मजल दहावीपर्यंत. तिला वडील शेवटपर्यंत ‘मॅट्रिक’च म्हणत. मुलांना मराठी शिकवावे, रात्री कादंबरीची पाने लिहावीत, हा माझा धंदा. यंत्र हा माझा प्रांत नव्हे. पण अपराध कुणाचा हे शोधण्याची कादंबरीकाराला खोडच असते. या एका अडखळण्याच्या निमित्ताने मी जे वाचले, पाहिले आणि आमच्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकले, त्याची ही हकीकत. त्यात निम्मी हकीकत मोटारीची आहे आणि निम्मी गेल्या अडीचशे वर्षांची.

मिस्त्रींकडे मी शेवटी गेलो, हा माझा दोष. आधी एका झकपक गॅरेजात तीन खेपा झाल्या होत्या. तिथे कार्ब्युरेटर उघडून धुतला, चारही प्लग बदलले, आणि ज्याला कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात तो जोड तीनदा नवा घातला. दर वेळी गाडी आठवडाभर नीट चाले आणि पुन्हा मिसिंग मारू लागे. (‘मिसिंग’ हा शब्द इंग्रजीच्या कोणत्या व्याकरणात बसतो ते देव जाणे, पण मराठी मुलखातले प्रत्येक गॅरेज तो वापरते आणि प्रत्येकाला तो कळतो.) तिसऱ्या खेपेला तिथल्या पोराने प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, स्टार्टर मारला आणि ठिणगी मला दाखवली. “बघा सर, स्पार्क फस्ट क्लास आहे.” ठिणगी खरोखरच पडत होती. मी पैसे देऊन घरी आलो.

आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी कुर्ल्याकडे टॅक्सी-गॅरेजात काम शिकलेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला खाली बसवले आणि वैद्य विचारतो तसे प्रश्न विचारले. गार असताना करते का? सपाटीवर करते का? झटका देऊन करते, की हळूहळू ताकद सोडते? मी सांगितले : गार असताना नाही, सपाटीवर क्वचित, आणि करते ते झटक्याने.

“मग गुरुजी, पेट्रोल सोडा,” ते म्हणाले. “पेट्रोल कमी पडलं तर माणूस दमल्यावाणी गाडी दमत जाती. करंट तुटला तर ठेच लागल्यावाणी करती. तरी बी आपन बघून घिऊ.” आणि त्यांनी पंपाची नळी सोडून बाटलीत धरली व इंजिन फिरवून पाहिले. पेट्रोल भरपूर येत होते.

मोटारीचे दुखणे एक तर पेट्रोलच्या घरातले, नाही तर ठिणगीच्या घरातले, ही वाटणी मोटारीइतकीच जुनी आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेन्झ नावाची बाई, आपले यजमान कार्ल बेन्झ यांना न सांगता, 15 वर्षांचा ऑयगेन आणि 13 वर्षांचा रिखार्ड अशा दोन मुलांना घेऊन त्यांच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्टझ्हाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोलपंप नावाची वस्तू जगात नव्हती. विस्लोख गावी औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. पुढे ठिणगीची तार घासून उघडी पडली, तेव्हा मोजे बांधायचा आपला पट्टा काढून तिने तिच्यावर गुंडाळला. म्हणजे दोन्ही घरांची दुखणी एकाच प्रवासात आली आणि दोन्ही एका बाईने रस्त्यावर बसून ओळखली, बरी केली. माहेराला निघालेली बाई वाटेत अडून राहत नाही, हे जर्मनीत काय आणि आपल्याकडे काय, सारखेच. आमच्या आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तिच्याकडे टाचणी होती. मला आधी सांगायचंस.”

पण ठिणगीची गोष्ट मोटारीहूनही जुनी. इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला 1776 साली एका सरोवराच्या काठच्या दलदलीत जळणारा वायू सापडला. त्या छंदात त्याने एक पिस्तूल बनवले : बंद भांड्यात वायू आणि हवा भरायची, आत विजेची ठिणगी पाडायची, की भांड्याचे बूच धाडकन उडते. कोमो गावाहून मिलानपर्यंत तार ओढून इकडची ठिणगी तिकडच्या पिस्तुलात पाडता येईल, असेही त्याच्या मनात आले होते. बंद भांडे, वायू आणि हवा, ठिणगी, धडाका. पद्मिनीच्या चार सिलिंडरांत याहून निराळे काय घडते? फक्त व्होल्टाला एक धडाका पुरत होता. आमचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा त्याला मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर.

मिस्त्रींची दुसरी परीक्षा अशी होती. इंजिन चालू ठेवून त्यांनी कोरड्या फडक्याने एकेका प्लगची वायर क्षणभर उपसली. ज्या सिलिंडरचे काम आधीच बंद आहे त्याची वायर काढली तर इंजिनाला फरक पडत नाही. जो राबतो आहे त्याची काढली तर इंजिन लगेच लंगडते. चार भाऊ एकत्र राहत असले तर घरातला आयतोबा कोण, हे कळायला एकेकाला गावाला पाठवून बघावे, तसा हा प्रकार. एक, दोन, तीन, चार : चारी वेळा इंजिन सारखेच लंगडले. म्हणजे आयतोबा कुणीच नव्हता. एका प्लगचा, एका वायरचा किंवा एका व्हॉल्व्हचा हा दोष नव्हे. चौघांना मिळून जिथून शिधा येतो त्या कोठारातच काही तरी बिघडले होते.

हे कोठार कसे बनले ते सांगायला हवे. 1831 साली मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह जोडता-तोडताना दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते हे दाखवले. आयर्लंडमधल्या मेनूथच्या निकोलस कॅलन या धर्मगुरूने 1836 साली त्यावरून उंच दाबाची वीज देणारे वेटोळे केले. आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या हाइन्रिख रुमकोर्फ या जर्मन कारागिराने 1851 पासून ते इतके सुबक केले, की त्याचेच नाव वेटोळ्याला पडले. तिसऱ्या नेपोलियनने 1864 साली या कारागिराला पन्नास हजार फ्रँकांचे बक्षीस दिले. धर्मगुरूला काही मिळाले नाही. लन्वार या पॅरिसमधल्याच गृहस्थाने 1860 साली जे गॅसवर चालणारे इंजिन काढले, त्यात ठिणगी पाडायला रुमकोर्फचेच वेटोळे होते, आणि ते वरचेवर रुसत असे. म्हणून ऑटोने 1876 साली आपल्या प्रसिद्ध चार ठोक्यांच्या इंजिनात ठिणगीचा नाद सोडून साधी ज्योत वापरली; डाइमलरने तापवून लाल केलेली नळी वापरली. कार्ल बेन्झने मात्र 1886 च्या जानेवारीत पेटंट घेतलेल्या मोटारीत पुन्हा विजेचीच कास धरली. पुढे रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने 1902 साली उंच दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला शोभेसा प्लग दिला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नसे. पण तो महाग पडे.

आमच्या पद्मिनीत जी रचना आहे तिचा जनक अमेरिकेतला चार्ल्स केटरिंग. हा आधी दुकानातले गल्ल्याचे यंत्र विजेवर चालवण्याच्या खटपटीत होता. डेटन गावी एका मित्राच्या धान्याच्या कोठीत बसून त्याने बॅटरी, वेटोळे, आणि वेळेवर उघडणारा-मिटणारा जोड, अशी ठिणगीची नवी मांडणी केली. कॅडिलॅक कंपनीने 1910 च्या आपल्या गाड्यांसाठी एकदम आठ हजार संचांची मागणी दिली, आणि 1912 च्या गाड्यांत त्याचाच विजेचा स्टार्टर आला, तेव्हा हँडल मारण्याची कटकट गेली. (याच केटरिंगच्या हाताखाली मिजलीने 1921 साली पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती काढली. तिचे विष जगाने अनेक वर्षे हुंगले. आपल्याकडे ते पेट्रोल 2000 साली सर्वत्र बंद झाले. एकाच घरातून दिवा आणि धूर दोन्ही आले म्हणायचे.)

डेटनच्या कोठीतली ही मांडणी वाईच्या अंगणात कशी आली? त्यात आपल्या सोलापूरच्या एका माणसाचा हात आहे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली. परकी सरकारच्या अमदानीत जहाज, विमान आणि मोटार तिन्ही इथे बनवायचा ध्यास घेतलेला हा माणूस. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी सूत जमले. फियाटची 1100 ही गाडी 1953 च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. वालचंद त्याच वर्षी वारले. त्याच सुमारास, सुटे भाग आणून नुसते जुळवणाऱ्यांनी इथे थांबू नये, असे सरकारी धोरण ठरले, आणि 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स निघून गेली. कुर्ल्याची फियाट राहिली. पुढे तिचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले, आणि 1974 साली ‘पद्मिनी’. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, आणि आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी दुकान उघडले नाही.

आता पुन्हा बॉनेटकडे. मिस्त्रींनी इंजिन अर्धा तास चालू ठेवले. गार इंजिनाला प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे. चांगले तापून ते अडखळू लागले तेव्हा त्यांनी ते बंद करून डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढले. आत पॉइंटचे दोन चिमुकले गोळे. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असावी लागते. माझा चष्मा पुरेना, म्हणून त्यांनी पॉइंट सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. एका गोळ्यावर टेकडी उगवली होती आणि समोरच्यात तेवढाच खड्डा पडला होता. आठवड्यापूर्वीचा नवा पॉइंट!

“ह्यो पॉइंट मेला न्हाई,” मिस्त्री म्हणाले, “ह्याला मारलाय.”

कादंबरीत मी असे वाक्य लिहिले असते तर संपादकांनी कापले असते. पण मारेकरी खरोखरच शेजारी बसला होता. डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाला स्क्रूने टांगलेला, करंगळीच्या पेराएवढा एक डबा : कंडेन्सर.

याचे काम काय? वेटोळ्यातून बारा व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. पॉइंट उघडला की तो एकदम तुटावा, म्हणजे वेटोळ्यातले चुंबकत्व एकदम कोसळून दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टची वीज उसळते. पण वाहता प्रवाह सहजी तुटत नाही. धावत्या पोराला ‘थांब’ म्हटले तरी ते दोन पावले पुढे जातेच. तो प्रवाह पॉइंटच्या फटीतूनच ठिणगी होऊन उडी मारतो. पॉइंट जळतो, आणि जी ठिणगी प्लगमध्ये पडायची तिचा जोर इथेच संपतो. ही अडचण रुमकोर्फच्या वेटोळ्यातही होती. तिच्यावर 1853 साली उपाय सुचवला तो फ्रान्सच्या फिझोने. ज्याने चार वर्षे आधी दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता, तोच हा फिझो. त्याने जोडाच्या शेजारी कंडेन्सर लावला. तुटणारा प्रवाह क्षणभर त्यात शिरतो, जोड कोरडा राहतो, चुंबकत्व झटक्यात कोसळते. घाट चढणाऱ्या मोटारीशी या पंडिताचा संबंध असेल असे कुणाला वाटेल?

कंडेन्सर म्हणजे आत दुसरे काही नसते. धातूचा पातळ वर्ख आणि कागद यांची, लवंगी फटाक्यासारखी घट्ट गुंडाळी. कागद जुना झाला, त्यात ओल शिरली, की गार असताना ती बरी असते आणि तापली की झिरपू लागते. म्हणून आमची मोटार वाईतून ऐटीत निघे. आणि सपाटीवर जी चालते ती घाटातच का अडते, याचेही उत्तर मिळाले. चढावर पाय दाबला की सिलिंडरात मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला अधिक जोर लागतो. उघड्या हवेत प्लग धरून त्या पोराने मला जी ‘फस्ट क्लास’ ठिणगी दाखवली होती, ती खरी होती आणि निरुपयोगीही होती. अंगणात पोहण्याचे हातवारे करून दाखवणाऱ्याला नदीत पास केल्यासारखे ते झाले. त्या गॅरेजने लबाडी केली असे मला वाटत नाही. त्यांनी तीनदा मेलेल्याला उचलले आणि मारणारा जागीच ठेवला, इतकेच.

मिस्त्रींनी पॉइंट कानशीने व पॉलिश पेपरने साफ करून पुन्हा बसवला, फट मापून लावली, आणि पत्र्याच्या डब्यातून कुठल्याशा भंगारात गेलेल्या टॅक्सीचा जुना कंडेन्सर काढून जोडला. अर्धा तास इंजिन तापवले. एकही ठेच नाही. मला वाटले, संपले. पण त्यांनी तो काढून माझाच खराब कंडेन्सर पुन्हा लावला! वीस मिनिटांत इंजिन खोकू लागले. मग परत टॅक्सीचा, इंजिन गप्प. “आता खात्री,” ते म्हणाले. माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी नववीच्या वर्गाला मिस्त्रींकडे न्यायचे ठरवले आहे.

नव्या मोटारींना हे काही लागत नाही. त्यांत पॉइंटही नाही, कंडेन्सरही असा टांगलेला नाही. कोणता सिलिंडर चुकला ते त्यांचा संगणक स्वतः लिहून ठेवतो आणि समोर दिवा लावतो. भावाच्या गाडीत तो दिवा एकदा लागला होता. तो त्याचे काम चोख करतो, मान्य आहे. फक्त त्याच्याशी बोलता येत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या रविवारी मी एकटाच घाट चढून पाहायचे ठरवले होते. आईला कसे कळले कोण जाणे. बॉनेट लावून वळतो तो ती मागच्या बैठकीवर बसलेली. तबक नव्हते, नुसती पिशवी होती. आम्ही पाऊण चढण निमूट चढलो. गेल्या वर्षीचे ते वळण आले तेव्हा मी आरशात पाहिले. ती खालच्या खोऱ्याकडे पाहत होती. मोटार तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली. ती कुरकुरली नाही.

मामा ओसरीवर होते. त्यांनी आधी मोटारीला हात लावला, मग आईला विचारले, “आज कोणता सण गं?” आई म्हणाली, “आज काही नाही. आज तालीम.”

मिस्त्रींनी एकशेवीस रुपये घेतले आणि माझा जळका कंडेन्सर परत केला. तो कागदात बांधून मी मोटारीच्या खणात ठेवला आहे. भावाला पत्र टाकले आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. आईने मात्र भाऊबीजेला सकाळी आठला निघायचे म्हणून आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि टोपीची टाचणी मिळत नाही म्हणून पिशवीत अंबाड्याचे दोन आकडे टाकून ठेवले आहेत.